अपग्रेड झाले, आवाज गेला

लिनक्सची नवी आवृत्ती घातल्यावर संगणक नीट सुरू होतो, इंटरनेट चालते, फाइली जागच्या जागी असतात आणि तरीही स्पीकरमधून चकार शब्द निघत नाही, अशा आशयाची पत्रे या सदराकडे एवढी आली आहेत की या वेळी दुसरा विषय घ्यावासा वाटला नाही. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा ही लिनक्सचीच वेगवेगळी रूपे आहेत आणि त्यांच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कमांड, फाइली आणि पॅकेजेस यांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत आणि ‘डॅश’ म्हटले असेल तिथे आडवी रेघ, ‘डॉट’ म्हटले असेल तिथे टिंब द्यावे.

प्रश्न : २०१९ साली घेतलेल्या माझ्या लॅपटॉपवर डेबियन १० होते. ते मी आधी ११ वर आणि मग लगेच १२ वर नेले. आता ध्वनीच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसते. पल्सऑडिओ दोनदा काढून पुन्हा घातले, अल्साची पॅकेजेस पुन्हा घातली, एका जुन्या लेखात वाचून स्वतःला ‘ऑडिओ’ गटातही घालून घेतले. कशानेच फरक पडला नाही. लॅपटॉपचा आतला माइक आधीही चालत नव्हता, पण स्पीकर उत्तम होते. साउंड कार्डच गेले असेल का? कर्नलच्या नोंदींतल्या काही ओळी सोबत पाठवत आहे.

उत्तर : कार्ड गेलेले नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे : आतला माइक आधीही चालत नव्हता. त्या काळातल्या अनेक लॅपटॉपमध्ये आतला माइक डिजिटल प्रकारचा असतो आणि तो साध्या ध्वनी-मार्गावर नसून चिपमधल्या एका छोट्या स्वतंत्र प्रोसेसरला जोडलेला असतो. डेबियन १० चा ४.१९ हा कर्नल त्या प्रोसेसरकडे लक्षच देत नसे. तो जुन्या ड्रायव्हरने स्पीकर चालवी आणि माइक तसाच सोडून देई. डेबियन १२ चा ६.१ हा कर्नल सुरू होताना असा माइक आहे का ते पाहतो, आणि आहे असे दिसले की जुना ड्रायव्हर बाजूला ठेवून ‘साउंड ओपन फर्मवेअर’ या नव्या व्यवस्थेचा ड्रायव्हर निवडतो. या ड्रायव्हरला त्या छोट्या प्रोसेसरमध्ये भरण्यासाठी एक फर्मवेअर फाइल डिस्कवर लागते. ती फाइल तुमच्याकडे नाही, म्हणून नवा ड्रायव्हर उभा राहत नाही, आणि जुना तर आधीच बाजूला झालेला आहे.

तुम्ही पाठवलेल्या नोंदींत हे स्पष्ट लिहिलेले आहे. ‘रिक्वेस्ट फर्मवेअर’ या शब्दांनंतर ‘इंटेल, सॉफ, सॉफ-सीएनएल डॉट आरआय’ असे फाइलचे नाव आहे आणि ओळीच्या शेवटी ‘फेल्ड, एरर वजा २’ असे आहे. हा वजा २ सगळीकडे एकाच अर्थाने येतो : मागितलेली फाइल सापडली नाही. या एका ओळीसाठी तुम्ही ती नोंद जपून ठेवलीत, हे फार चांगले केलेत.

फाइल का आली नाही, त्याचे कारण अपग्रेडमध्येच आहे. मुक्त परवान्याखाली नसलेले फर्मवेअर डेबियन पूर्वी ‘नॉन-फ्री’ या विभागात ठेवत असे. विकसकांनी २०२२ मध्ये मतदान करून असे फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबर देण्याचे ठरवले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ते ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात गेले. ज्यांनी आवृत्तीचे नाव बदलले पण विभागांची यादी जुनीच ठेवली, त्यांच्या मशीनवर हा विभाग उघडलाच जात नाही. पॅकेजेस घालणारी-काढणारी एपीटी त्याविषयी सूचना देते, पण शेकडो ओळी सरकत असताना ती नजरेतून सहज सुटते. तुम्ही ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘एपीटी’मधली ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ ही फाइल उघडा, ‘मेन’ हा शब्द असलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा शब्द जोडा, ‘सुडो एपीटी अपडेट’ चालवा (‘सुडो’मुळे कमांडला प्रशासकाचे अधिकार मिळतात) आणि मग ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ हे पॅकेज घाला. त्यानंतर केवळ लॉग आउट करून भागणार नाही. संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, कारण फर्मवेअर त्या वेळीच भरले जाते. स्पीकर तर परत येतीलच, शिवाय इतकी वर्षे मुका असलेला माइकही बहुधा बोलू लागेल.

तुमचे आधीचे उपाय का लागू पडले नाहीत हे सविस्तर सांगायला हवे, कारण निम्म्याहून अधिक पत्रांत हीच धडपड दिसते. आवाज ब्राउझरपासून स्पीकरपर्यंत जाताना अनेक थरांतून जातो. सर्वांत खाली कर्नलमधला अल्सा आहे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या कर्नलपासून लिनक्सचे ध्वनी-ड्रायव्हर त्याच्या अखत्यारीत आहेत. नव्या चिपवर त्याला फर्मवेअरची जोड लागते. त्याच्या वर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हा ध्वनी सर्व्हर असतो, जो अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून खाली देतो. ‘डमी आउटपुट’ याचा अर्थ असा की सर्व्हर धडधाकट आहे, त्याने खाली हात घातला आणि हाताला एकही उपकरण लागले नाही, म्हणून प्रोग्रॅम अडून बसू नयेत यासाठी त्याने एक खोटे उपकरण उभे केले. बिघाड खाली असताना तुम्ही वरचा थर दोनदा उतरवून पुन्हा चढवलात. म्हणून पहिली कमांड नेहमी ‘एप्ले डॅश एल’ ही असावी (हा एल लहान असतो). तिने कार्डांची यादी दिली तर कर्नलपर्यंत सगळे ठीक आहे, शोध वर घ्यावा. तिने ‘नो साउंडकार्ड्स फाउंड’ म्हटले तर वरच्या पॅकेजना हातही लावू नये आणि थेट कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. एवढ्या एका कमांडने कितीतरी रात्रींची जागरणे वाचली असती, असे ही पत्रे वाचताना राहून राहून वाटते.

यादीत कार्ड दिसते पण आवाज नाही, असे लिहिणाऱ्या वाचकांनी ‘अल्सामिक्सर’ उघडावा. टर्मिनलमध्ये उभ्या पट्ट्यांची एक रांग दिसते. पहिल्या पडद्यावर पुष्कळदा एकच पट्टी असते, कारण तो सर्व्हरचा आभासी मिक्सर असतो. एफ६ दाबून खरे कार्ड निवडल्यावर ‘मास्टर’, ‘हेडफोन’, ‘स्पीकर’ अशा पट्ट्या समोर येतात. प्रत्येक पट्टीच्या पायाशी एक छोटी चौकट असते. तिच्यात दोन शून्ये असतील तर मार्ग खुला आहे आणि दोन एम असतील तर तो बंद आहे. डाव्या-उजव्या बाणांनी त्या पट्टीवर जाऊन एम ही कळ दाबली की मार्ग उघडतो. अपग्रेडनंतर ‘मास्टर’ शंभरावर आणि ‘स्पीकर’ मात्र दोन एमवर, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. डेस्कटॉपच्या पडद्यावरची आवाजाची पट्टी पूर्ण वर असूनही काही ऐकू येत नाही, त्यामागे कित्येकदा एवढेच असते. ‘ऑटो-म्यूट मोड’ नावाची पट्टी दिसली तर तीही बंद करून पाहावी, कारण हेडफोन लावलेले नसताना ते लावले आहेत असा कार्डाचा समज झाला तर ती स्पीकर बंद ठेवते.

‘ऑडिओ’ गटातून मात्र तुम्ही स्वतःला बाहेर काढा. तो सल्ला एके काळी बरोबर होता. आता जो मशीनसमोर लॉग इन करून बसला आहे त्याला ध्वनी-उपकरणाचा अधिकार आपोआप मिळतो आणि तो उठला की जातो. गटातले सदस्यत्व कायमचे असल्याने त्याच मशीनवर दुसरी व्यक्ती लॉग इन असतानाही तुमचे प्रोग्रॅम उपकरण अडवून बसू शकतात.

प्रश्न : उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर आले. लॅपटॉपचे स्पीकर चालतात, पण ब्लूटूथ हेडफोन जोडले जाऊन क्षणात तुटतात. संदेशात ‘प्रोफाइल अनअव्हेलेबल’ असे शब्द दिसतात. हेडफोन मोबाइलवर व्यवस्थित चालतात. मी किमान पॅकेजेसची मांडणी ठेवते, अनावश्यक काही घालत नाही.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याने शोध सोपा केला. उबुंटू २२.०४ मध्ये ध्वनी सर्व्हर पल्सऑडिओ होता आणि त्याला ब्लूटूथची जोड ‘पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ’ या पॅकेजमधून मिळत असे. २४.०४ मध्ये ते काम पाइपवायरकडे आहे आणि त्याची ब्लूटूथची जोड ‘लिबस्पा-०.२-ब्लूटूथ’ या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे. पूर्ण डेस्कटॉप असणाऱ्यांकडे ते शिफारस म्हणून आपोआप येते. शिफारशी बंद ठेवणाऱ्यांकडे ते राहून जाते. मग हेडफोन विचारतात की ‘मी आवाज कोणाला देऊ-घेऊ’, आणि या बाजूला उत्तर देणारे कोणीच नसते, म्हणून जोडणी तुटते. ते पॅकेज घाला, मग ‘सिस्टिमसीटीएल डॅश डॅश यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर’ ही कमांड सुडो न लावता चालवा (वायरप्लंबर हा पाइपवायरच्या जोडीचा व्यवस्थापक), आणि हेडफोन एकदा यादीतून काढून नव्याने जोडा. याऐवजी ‘पाइपवायर-ऑडिओ’ हे एकत्रित पॅकेज घातले तर ब्लूटूथची जोड, अल्साची जोड आणि पल्सऑडिओच्या भाषेत बोलणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचा दुवा हे सगळे एकदम येते. किमान मांडणी जपणाऱ्यांनीसुद्धा निदान हे एक पॅकेज ठेवावे, असे माझे मत आहे.

याच विषयावर आणखी दोन पत्रांत विचारले आहे की हेडफोनवर गाणी सुरेख ऐकू येतात, पण बैठकीचा कॉल सुरू झाला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा का होतो. हा अपग्रेडचा दोष नाही. ब्लूटूथची स्टिरिओ प्रोफाइल, जिला ‘ए२डीपी’ म्हणतात, नेहमीच्या वापरात ध्वनी फक्त हेडफोनकडे पाठवते. माइक लागला की हेडफोन कॉलच्या प्रोफाइलवर जातात, आणि तिथे दोन्ही दिशांचा आवाज एकाच अरुंद वाटेने जायचा असल्याने तो एकसुरी आणि सहसा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांचा असतो. कॉलच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा आतला माइक निवडलात तर हेडफोन स्टिरिओ प्रोफाइलवरच राहतील.

प्रश्न : पूर्वी पल्सऑडिओ होते तेव्हा कधी त्रास नव्हता. हे पाइपवायर काढून टाकून पल्सऑडिओच परत आणावे, असा सल्ला एका मित्राने दिला आहे. आणू का?

उत्तर : आणू नका. पल्सऑडिओ त्रासाशिवाय होता, ही आठवण त्याच्या उत्तरार्धातली आहे. एप्रिल २००८ च्या उबुंटू ८.०४ मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा ‘तो काढून टाका, नुसती अल्साच बरी’ असाच सल्ला जो तो देत होता. पाइपवायरवरचे काम विम टायमन्स यांनी रेड हॅट या लिनक्स कंपनीत असताना सुरू केले. फेडोरा ३४ ने एप्रिल २०२१ मध्ये, उबुंटूने २२.१० मध्ये तो ध्वनीसाठी स्वीकारला आणि १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली. आता नव्या उपकरणांसाठीची सुधारणा मुख्यतः तिकडेच होते. शिवाय तुमचे जुने प्रोग्रॅम अजूनही पल्सऑडिओशीच बोलत आहेत असे समजतात, कारण पाइपवायर ती भाषा जशीच्या तशी बोलतो. ‘पीएसीटीएल इन्फो’ ही कमांड चालवून ‘सर्व्हर नेम’ ही ओळ पाहा. उबुंटू २४.०४ वर तिथे ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर १.०.५)’ असे लिहिलेले आढळते.

तुम्ही मात्र आधीच काही काढले-घातले असेल तर दोन्ही सर्व्हर एकाच वेळी सुरू नाहीत ना, एवढे पाहा. दोघेही त्याच कार्डावर हक्क सांगतात आणि जो आधी पोचतो तो दुसऱ्याला आत येऊ देत नाही. म्हणून एका दिवशी आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, असा चमत्कारिक अनुभव येतो. ‘फ्यूजर डॅश व्ही’ या कमांडला ‘डेव्ह’मधल्या ‘एसएनडी’ फोल्डरातील सगळ्या फाइली दिल्या की कार्ड कोणाच्या हातात आहे ते नावानिशी कळते.

पॅकेज काढण्यापूर्वी एपीटी जी यादी दाखवते ती शेवटपर्यंत वाचा, ही कळकळीची विनंती. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पल्सऑडिओ काढताना ती यादी न वाचता ‘वाय’ दाबले, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे मुख्य पॅकेजही त्याच्याबरोबर गेले. त्या दिवशी दिसले नाही, पण पुढच्या साफसफाईच्या कमांडने डेस्कटॉपचे निम्मे भाग ‘आता गरज नाही’ म्हणून उचलले आणि एका संपादनाच्या कामाच्या आदल्या रात्री माझ्यासमोर फक्त काळा पडदा होता.

प्रश्न : डेबियन १३ वर आल्यापासून कोणतीही ध्वनिफीत सुरू केली की पहिला शब्द गिळला जातो. हाच त्रास डेबियन १२ वर होता, तेव्हा एक छोटी लुआ फाइल घालून मी तो घालवला होता. ती फाइल जागेवर आहे, तिच्यात काही बदललेले नाही. तरी त्रास परत आला. असे कसे?

उत्तर : फाइल जागेवर आहे, पण तिला वाचणारा बदलला. पाइपवायरच्या जोडीला वायरप्लंबर हा व्यवस्थापक असतो : कोणते उपकरण मुख्य, कोणता प्रोग्रॅम कशाला जोडायचा, उपकरण झोपवायचे कधी, हे तो ठरवतो. डेबियन १२ मध्ये त्याची ०.४ मालिका होती आणि सेटिंग लुआ भाषेतील फाइलींत लिहीत. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ०.५ ने सेटिंगची ती पद्धत सोडली. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ मध्ये ही ०.५ मालिका आहे. जुन्या लुआ सेटिंग फाइली ती वाचतच नाही, त्यामुळे तुमची फाइल तिच्या लेखी नाहीच.

पहिला शब्द का जातो, हेही समजून घ्या. आवाज थांबल्यावर वायरप्लंबर पाच सेकंद वाट पाहतो आणि मग ध्वनी-उपकरण झोपवतो. पुन्हा आवाज आला की उपकरण जागे होण्यास काही क्षण लागतात, आणि तेवढ्यात गेलेले ध्वनी ऐकू येत नाहीत. काही स्पीकरवर याच क्षणी ‘टक्’ असा आवाजही येतो. तुमच्या जुन्या फाइलीत ही पाच सेकंदांची मुदत शून्य केलेली असणार. इथे शून्याचा अर्थ ‘कधीच झोपवू नको’ असा होतो.

आता तेच नव्या रीतीने लिहायचे आहे. घरच्या फोल्डरातील ‘डॉट कॉन्फिग’मध्ये ‘वायरप्लंबर’ आणि त्याच्या आत ‘वायरप्लंबर डॉट कॉन्फ डॉट डी’ असे फोल्डर करा. त्यात ‘डॉट कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची एक फाइल ठेवा. फाइलीत ‘मॉनिटर डॉट अल्सा डॉट रूल्स’ या नावाने चौकोनी कंसांत एक नियम येतो. नियमाचे दोन भाग असतात. ‘मॅचेस’मध्ये उपकरणाचे ‘नोड डॉट नेम’ सांगायचे, आणि ‘ॲक्शन्स’मधल्या ‘अपडेट-प्रॉप्स’मध्ये ‘सेशन डॉट सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ बरोबर शून्य असे लिहायचे. उपकरणाचे नाव आणि मुदतीचा हा शब्द जुन्या लुआ फाइलीतही असेच असतील, म्हणून ती समोर उघडून ठेवा. बदलते आहे ते कंसांचे व्याकरण आणि नियमाच्या भागांची नावे. मग वायरप्लंबर पुन्हा सुरू करा. फाइलीत एखादा कंस चुकला तर ‘जर्नलसीटीएल डॅश डॅश यूजर डॅश यू वायरप्लंबर’ ही कमांड तक्रार दाखवते. काम झाले की जुनी फाइल हलवून ठेवा, नाहीतर वर्षभराने तुम्हीच तिच्यात दुरुस्त्या करत बसाल.

एवढे करूनही शब्द जात राहिला तर झोपवणारा वायरप्लंबर नसून कर्नलचा ड्रायव्हर असू शकतो. ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’ या ड्रायव्हरला ‘पॉवर_सेव्ह’ असा स्वतःचा पर्याय आहे आणि तोही शून्य केला की थांबतो. दोन्ही उपायांत बॅटरी किंचित जास्त खर्च होते, हे लॅपटॉपवाल्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी मुलाखतींच्या लांब ध्वनिफिती तुकडे करून साठवतो. त्यासाठी पायडब वापरणारी पायथन स्क्रिप्ट होती. डेबियन १२ वरून १३ वर आल्यावर ती सुरूच होत नाही. संदेश येतो की ‘पायऑडिओऑप’ नावाचे मॉड्यूल नाही. या नावाचे मॉड्यूल शोधून थकलो.

उत्तर : त्या नावामागे धावू नका, ते दिशाभूल करणारे आहे. पायडब, म्हणजे ध्वनिफिती कापण्या-जोडण्यासाठीची पायथन लायब्ररी, आधी ‘ऑडिओऑप’ हे पायथनबरोबर येणारे मॉड्यूल मागतो, ते न मिळाल्यास ‘पायऑडिओऑप’ हे पर्यायी नाव मागतो, आणि पडद्यावरच्या शेवटच्या ओळीत दुसऱ्या नावाचीच तक्रार उरते. खरे हरवले आहे ते पहिले. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ होता, १३ मध्ये ३.१३ आहे, आणि पायथनच्या मंडळींनी वापरात न राहिलेली बरीच मॉड्यूल ३.१३ मध्ये काढून टाकली, त्यांत ऑडिओऑपही गेले. आगाऊ सूचना ३.११ पासून मिळत होती, पण ती विकसकांसाठी होती. स्क्रिप्ट नुसती चालवणाऱ्याला ती सहसा दिसत नाही.

त्या मॉड्यूलची स्वतंत्रपणे जपलेली प्रत ‘ऑडिओऑप-एलटीएस’ या नावाने पायथनच्या पॅकेज भांडारात आहे. स्क्रिप्टसाठी ‘पायथन३ डॅश एम व्हीईएनव्ही’ ने नवे आभासी वातावरण (पॅकेजेस वेगळी ठेवणारे फोल्डर) करा आणि त्यात पायडब व हे पॅकेज दोन्ही घाला. जुने वातावरण असेल तर ते दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, ते ३.११ ला बांधलेले असते आणि त्यातली पॅकेजेस नव्या पायथनला सापडत नाहीत. वातावरणाबाहेर थेट पिपने (पायथनची पॅकेजेस घालणाऱ्या प्रोग्रॅमने) घालायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असे सांगून डेबियन नकार देईल. तो नकार मोडून काढणारा पर्याय आहे, पण तो वापरू नका, कारण त्या वाटेने घातलेली पॅकेजेस पुढच्या अपग्रेडमध्ये एपीटीच्या पॅकेजेसशी भांडतात.

प्रश्न : अपग्रेड अर्धे झालेले असताना बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. आता तो सुरू होतो, पण निम्मे प्रोग्रॅम उघडत नाहीत, आवाजही नाही. सगळे पुसून नव्याने घालू का?

उत्तर : अजून नको. लॅपटॉप चार्जरला लावा, टर्मिनल उघडा आणि ‘सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’ चालवा. ज्या पॅकेजेसची मांडणी अर्धवट राहिली ती हा प्रोग्रॅम पूर्ण करतो. मग ‘सुडो एपीटी डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आणि शेवटी ‘सुडो एपीटी फुल-अपग्रेड’, याच क्रमाने. बऱ्याच मशीन एवढ्यावर उभ्या राहतात. आवाजाकडे त्यानंतरच पाहा. पॅकेजेस अर्धवट असताना केलेली ध्वनीची तपासणी वाया जाते. घरच्या फोल्डरची प्रत मात्र पहिल्या कमांडच्याही आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या.

प्रश्न : अपग्रेडनंतर आवाज येतो, पण ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असताना आणखी काही काम केले की कडकड असा आवाज मिसळतो.

उत्तर : टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालू ठेवा आणि कडकड होईल तेव्हा ‘ईआरआर’ या रकान्याकडे पाहा. ज्या ओळीतला आकडा प्रत्येक कडकडीबरोबर वाढतो, ती ओळ दोषी आहे : त्या प्रोग्रॅमला किंवा उपकरणाला ठरलेल्या वेळात आपला तुकडा पुरा करता आलेला नाही. त्याच पडद्यावर ‘क्वांट’ (एका तुकड्यातले नमुने) आणि ‘रेट’ (सेकंदाचे नमुने) हे रकाने असतात. क्वांट १,०२४ आणि रेट ४८,००० असेल तर प्रत्येक तुकड्याला सुमारे २१ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या प्रोग्रॅमच्या मागणीने क्वांट २५६ वर आला असेल तर जेमतेम ५. व्हिडिओ पाहणाऱ्याला एवढी घाई कशासाठीच नको. ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा डॅश एन सेटिंग्ज ० क्लॉक डॉट फोर्स-क्वांटम २०४८’ ही कमांड चालवून प्रत्येकाला ४३ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ द्या आणि तोच व्हिडिओ, तेच काम पुन्हा करून पाहा. कडकड थांबली तर कारण कळले; मग २०४८ च्या जागी शून्य देऊन हे बंधन काढा आणि पीडब्ल्यू-टॉपमध्ये क्वांट खाली ओढणारा प्रोग्रॅम कोणता ते पाहून त्याच्याच सेटिंगमध्ये बदल करा. आकडा वाढत नाही आणि तरी कडकड होते, असे दिसले तर सर्व्हरला दोष देता येत नाही. तेव्हा हेडफोनची पिन जागेवर नीट बसली आहे का, हे हाताने तपासावे आणि संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडून तोच व्हिडिओ त्याच्यावर ऐकावा.